उपाशीपोटी

सावद्याच्या लॅबमध्ये, सकाळी साडेसातला,
मुबारक तडवी दंडाला रबर बांधतो.
उजवाच हात पुढे करते.
काखेतल्या गाठी काढल्यापासून डाव्याला सुई नाही.
मावशी, मूठ वळा.

साखर चांगलीच येते माझी. अठ्ठ्याण्णव.
मग पेढा खायला काय होतं व माय, सुलभा नेहेते म्हणते.
पण डॉक्टर फिरके शेजारच्या आकड्यावर पेन ठेवतात.
इन्सुलिन. चढलेलं.
शरीर ऐकेनासं झालंय, म्हणाले,
तीच गोष्ट त्याला आता ओरडून सांगावी लागते.

मला आमची बोअर आठवली.
पाणी तेवढंच, केळी हिरवीगार,
बांधावरून बघणाऱ्याला काय कळणार.
मोटार चारशे फुटांवरून सातशेवर गेली होती
आणि बिल भरायला मी जात होते.

दुसरा आकडा सुजेचा.
मी पाय दाखवले. चेहरा दाखवला.
ही दिसत नाही, हाताला लागतही नाही.
भरिताच्या रात्री काड्या जळून जातात,
राख थंड दिसते,
आणि पहाटे एखादं पोर तिच्यावरून अनवाणी पळतं
तेव्हा कळतं.

पाळी गेली ती बावन्नाव्या वर्षी, मे महिन्यात.
शेहेचाळीस डिग्री.
आतलं ऊन किती आणि बाहेरचं किती,
कुणी विचारलं नाही, मीही नाही.
सुटले, एवढंच म्हटलं.
मागाहून चरबीच ते काम करत बसते, हे कुठे माहीत.
ज्याला सगळे सुखाचं अंग म्हणायचे
त्या पोटाने आपली वेगळी चूल मांडली होती.

डाव्या बाजूला आता कापूस आहे.
आमच्याच शेतातला. सरकी मीच काढली,
मीच पिंजला, पिशवी शिवून भरला.
चालताना वर सरकतो मेला.

सुई निघते.
कापूस दाबून धरा, मुबारक म्हणतो,
आणि मला हसू येतं, त्याला कळत नाही का.
आता काहीतरी खाऊन घ्या मावशी.

लॅबच्या पायरीवर डबा उघडते.
कळण्याची अर्धी भाकरी, ठेचा, दही.
समोर कोचूरची रिक्षा भरत आलेली,
एकच जागा उरलीय, माझ्यासाठी थांबलाय तो.
भरल्या तोंडाने
हातानेच त्याला सांगते, जा.