सातवं वळण

पहाटे साडेपाचला मी टायर मोजते.
सहा ओळी, एकावर एक पाच, बोल्टांनी आवळलेले,
पुढे रबराचा पट्टा, मागे लोखंडी कठडा.
एक बोल्ट सैल निघतो. दरवर्षी एक निघतोच.
ओताकार पाना देतो, आणि थर्मासमधली कॉफी.

एरवी मी खाली गावात पोस्टात शिक्के मारते.
शर्यतीचे दोन दिवस
मोराव्हियातल्या या टेकडीवर
माझ्या हातात पिवळा झेंडा असतो.

बाबा इथेच उभे राहायचे.
तेव्हा टायर नव्हते, गवताच्या पेंढ्या होत्या,
पेंढ्यांमागे श्पाचेकबाईंची आलुबुखारची बाग
आणि कुंपणावर माणसं, पाय सोडून बसलेली,
हातात गरम सॉसेज.
वळण नव्वदने घ्यायचं, हे पोराटोरांनाही पाठ.
बाईंच्या व्हेन्देलीनने ते एकशेदहाने घेतलं.

वीसच तर जास्त, लोक म्हणत राहिले.
बाबा गणिताचे मास्तर. रात्री पाकिटाच्या पाठीवर
त्यांनी मांडून पाहिलं: वेगाचा वर्ग.
मार दीडपट.
खाली एवढंच लिहिलं,
पेंढी तेवढीच.

पुढे खडी ओतायचं ठरलं, बाग आड येत होती.
दोन वर्षं बाईंनी कुणाला फाटकाच्या आत घेतलं नाही.
मग एका सकाळी स्वतःच आल्या, गमबूट घालून,
आणि ज्या खोडाच्या सालीत निळा रंग रुतला होता
त्याला हात लावून म्हणाल्या,
आधी हे.

आज दुपारी चौतीस नंबरची गाडी.
ब्रेक उशिरा. मागचं चाक सुटलं,
खडीवरून ती भिरभिरत आली,
पाण्यावरून चपटा दगड जातो तशी,
आणि भिंत आत गेली, हातभर, दोन हात,
थांबली.

पळायचं नाही. आधी झेंडा, मग पळायचं.
बावीस वर्षं हे शिकवते आहे मी नवीन पोरांना.
बावीस वर्षं पाय ऐकत नाहीत.

स्टिअरिंग बाहेर आलं, मग हातमोजे, मग ती.
एकोणीस वर्षांची, पेट्रोनेला, कोशित्सेची.
डोळ्यांत पाणी, पण रागाचं.
कठड्याला टेकून बूट काढला,
खडी झटकली,
आणि रस्त्यावरचे स्वतःचेच काळे पट्टे
बोट धरून मागे मागे वाचत गेली.
'इथे. इथे चुकलं.'
मग माझ्याकडे वळून, अगदी दुकानात भाव विचारावा तसं,
'पुढच्या वर्षी मी पाच मीटर अजून उशिरा दाबला
तर जमेल ना?'

ॲम्ब्युलन्सवाल्याने तिला ब्लँकेट दिलं. तिने नको म्हटलं.

संध्याकाळी आम्ही परत मोजतो.
अकरा टायर फाटलेले, बोल्ट सगळे शाबूत,
सकाळचासुद्धा.
ओताकार वही पुढे करतो: काही मागणी?

खाली उतारावर एक आलुबुखार उरलंय,
कुणी न लावता उगवलेलं, गुडघ्याएवढं.
ते मी वहीत लिहीत नाही.
लिहिते,
सातवी ओळ हवी.