छाया

रुकसाना आपानं पिशवीतून पाकीट काढलं,
नाव वाचून मला हसू आलं.
वसमतच्या मोंढ्यात दिवसभर हळद निवडायची,
डोक्यावर धड पत्रा नाही,
आणि सावली मिळाली ती ही, एवढ्याशा गोळीतली.

"रविवार नि बुधवार. तीन महिने.
मग नुसता रविवार.
लेकरू अंगावर पितंय तरी चालतंय.
पाळी जरा पुढं-मागं होईल, भिऊ नको."
एवढं सांगून ती पुढच्या दारात गेलीसुद्धा.
मी 'पुढं-मागं' एवढंच धरून बसले.

वेखंडाच्या डबीत पाकीट ठेवलं.
भागवतला माहीत होतं, सासूला नाही.

बाळंतपणाआधी
माझी पाळी म्हणजे पाचची एसटी,
थोडी इकडं-तिकडं, पण यायचीच.
आता पहिल्या महिन्यात दीड दिवस, तोही नावाला.
दुसऱ्या महिन्यात नाहीच.
पस्तीस. एकोणचाळीस.
त्रेचाळिसाव्या दिवशी परकर धुताना
साबणाखाली एक ठिपका लाल झाला
आणि फेसाच्या हातांनीच मी नमस्कार केला,
कुणाला, कोण जाणे.
तारेवर वाळला तर पिवळा.
हळदच होती. साबण लागला की ती लाल होते.
इतकी वर्षं हळदीत काढून
मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

सासू बोलायची नाही, मोजायची.
"या बारीला बाहेर बसली नाहीस तू."
ईश्वरी तिच्या मांडीवर, मूठ तोंडात.
"हिला अजून रांगता येईना, अन् तू..."
पुढचं तिनं टाळूवर तेल जिरवता जिरवता गिळलं.
मी डबी आणून उघडली तिच्यापुढं.
तिनं पाकिटाला हात लावला नाही,
नुसता वास घेतला.
वेखंडाचाच येत होता.

सकाळी आपानं दिलेली पट्टी. न्हाणीत, कवाड लावून.
एक रेघ. एकच.
दुसरी उमटते का बघत मी किती वेळ उभी,
बाहेर ईश्वरी रडून रडून गप झालेली.
"उशीर झालाय, बाकी काही नाही," आपा म्हणाली,
"गोळी सोडू नको. आज बुधवार आहे."

परत आले तर सासू धुण्याच्या दगडावर,
माझीच मोंढ्यातली साडी घासत.
मान वर न करता म्हणाली,
"आपाकडं अजून एक पट्टी असंल का?"
कुणाला, मी विचारलं.

लग्नात चौदाची होती ती.
भागवत झाला तेव्हा सोळाची.
आत्ता कुठं बेचाळीस.

"दोन महिने झाले," म्हणाली.
"वय झालं असंल. नाहीतर..."
आणि पुन्हा घासायला लागली.
तिच्या हाताखाली
माझ्या पदरावरची हळद
लाल होत चालली होती.