अकरा मिनिटं

बंदराच्या कचेरीत हीटरजवळची खुर्ची माझी.
काम एवढंच: फेरीबोटींच्या वेळा सांभाळणारा
सत्तावीस वर्षांचा कोड झाडून काढणं.
टालिनहून रिहो म्हणाला होता,
"मोडू नकोस म्हणजे झालं. बाकी तुझं तू."

पहिल्या आठवड्यात तीन हजार ओळी उडवल्या.
लग्न उरकल्यावरच्या मांडवासारखी
उगाच उभी असलेली फंक्शनं,
बुजवलेल्या धक्क्यांची नावं,
एका बोटीचं वजन, जी कधीच भंगारात गेली.
बरं वाटत होतं.
खिडकीबाहेर समुद्र काठाकडून गोठत चालला होता
आणि माझ्या स्क्रीनवर लाल, लाल, लाल.

मग ती ओळ.
गुरुवार असेल,
वारा वायव्येचा असेल,
छोट्या बेटाची शेवटची बोट असेल,
तर अकरा मिनिटं थांब.
शेजारी टीप: काढू नका. – हे.

कारण नाही. टेस्ट नाही.
काढून पाहिली. सगळ्या टेस्ट हिरव्या.
असणारच.
जे विचारलंच नाही, त्याला नाही कोण म्हणेल?

रिहोचा अंगठा आला मिनिटभरात.
मर्जचं बटण तेवढं उरलं.
त्यावर बोट ठेवून मी बसले
ती चहा निवेपर्यंत.

हे म्हणजे हेल्दुर.
किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मासे धुरावतो.
मी लॅपटॉप उघडला तर म्हणाला,
"मिटव ते. वास लागेल त्याला."
मग चुलाण्यात ढलपी सरकवत,
"साल्मेसाठी. इथल्या शाळेत अ‍ॅकॉर्डियन शिकवायची,
दर गुरुवारी. सायकलवर, पाठीला ते धूड.
वायव्येचा वारा म्हणजे सरळ थोबाडावर.
कप्तान थांबायचा तिच्यासाठी, न सांगता.
मशीन आलं, ते थांबेना.
मग मशीनला सांगितलं."

"आणि आता?"

"आता कुठली. जाऊन नऊ वर्षं झाली."

नऊ वर्षं!
रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून,
डिझेल जाळत, एक आख्खी बोट
मेलेल्या बाईची वाट बघत होती,
आणि कुणी एका शब्दाने
तिला कळवलं नव्हतं.
गाडी वळवतानाच मी मनातल्या मनात
बटण दाबून टाकलं.

पण गुरुवार होता. वारा वायव्येचा.
धक्क्यावर थांबले, उगाच.
चार वीस झाले. बोट हलली नाही.
कुणी घड्याळाकडे पाहिलंही नाही.
तिसऱ्या मिनिटाला दुधाचा रिकामा टँकर आला, निवांत.
सहाव्याला हँडबॉलची पोरं, केस ओले,
एकाच्या तोंडात अर्धा पाव.
नवव्याला दवाखान्याची व्हॅन,
आत रक्त धुऊन घेतलेले दोन म्हातारे,
ब्लँकेटं हनुवटीपर्यंत.

तिकीटवालीला विचारलं.
"गुरुवारची बोट तशीच," ती म्हणाली,
"वारा असला की रेंगाळते."
साल्मे हे नाव तिने ऐकलं नव्हतं.

कारण केव्हाच मेलं होतं.
सवय मात्र पोराबाळांसकट नांदत होती.

रात्री ओळ परत ठेवली.
टेस्ट लिहिली, व्हॅनसकट, टँकरसकट.
टेस्टला नाव दिलं: साल्मे येईपर्यंत.
रिहो कुरकुरला, नावावरून नियम काही कळत नाही म्हणे.
म्हटलं, कळायला खाली वाच,
तेरा ओळी लिहिल्यात, जन्मात पहिल्यांदा.

हेल्दुरला फोन केला.
"राहू दिली बरं का, तुमची अकरा मिनिटं."

पलीकडे धुराने खोकला,
मग जरा वेळ काहीच नाही.
"अकरा?
मी सात लिहिली होती."

जुना इतिहास उपसला.
तेरा वर्षांपूर्वीचा एक फेब्रुवारी,
मध्यरात्र उलटल्यावर कुणीतरी
सात पुसून अकरा केले होते.
नावाच्या जागी नुसतं क.
कारणाच्या जागी दोन शब्द:
अजून थोडं.