मागच्या सीटचं माप

ओउलूत नोव्हेंबर. तीनलाच काळोख.
गॅरेजात हीटर घुरघुरतोय
आणि तेइयो, गुडघे टेकून, जुन्या ऑइलचा वास घेतोय,
ताक आंबलंय का बघावं तसा.

व्हॉल्व्हच्या फटींचे आकडे
दुधाच्या रिकाम्या खोक्यावर लिहिलेत.
एक सोडून सगळे बरोबर.
त्या एकापायी दोन रविवार गेले.

खुब्याचा सांधा बदलल्यापासून
माझा पाय पूर्वीसारखा दुमडत नाही.
‘पुढच्या उन्हाळ्यात तू एकटाच जा,’ म्हणाले होते मी.
तो काही बोलला नाही.
दहाचा पाना शोधत बसला,
जो कधीच सापडत नाही.

आज हाक मारली. सपाता घालूनच गेले.
गाडी मधल्या स्टँडवर, चाक अधांतरी.
मागच्या सीटचा फोम कापलाय
माझ्या पावाच्या सुरीने, न विचारता.
फूटरेस्ट चार बोटं खाली आणलंय;
त्याचीच पट्टी तीन रात्री कानशीने घासत होता,
मला वाटलं, सायलेन्सरचं काही असेल.

‘बस.’
बसले.
‘दुखतं?’
‘नाही.’
त्याने नुसतं पाहिलं.
‘थोडंसं.’
टेप लावली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत,
कानावर पेन्सिल, शिंप्यासारखी.

पुढची सीट रिकामी. तरी सवयीने
माझे हात पुढे गेले,
त्याची पाठ असते तिथवर.

खाली तो बोल्ट आवळत होता.
पाना टक् वाजला.
‘पुरे,’ म्हणाला.
कुणाला, ते कळलं नाही.