अंगावर काढणं

जूनअखेर बेटावरचा बर्फ विरतो
आणि मितिक माद्या दगडांच्या आडोशाला बसतात.
चोवीस दिवस. कधी पंचवीस.
खात नाहीत. उठल्याच तर
डबक्यातलं दोन घोट पाणी, की परत.

आई म्हणायची, बसणं हिच्याकडून शिक.
मी बसणाऱ्यातली नव्हते.

आता दर उन्हाळ्यात मी त्यांचं रक्त काढते,
दक्षिणेतून येणाऱ्या पोरांसाठी, ताशी पैसे घेऊन.
पंखाखालची शीर, सुई, कुपी, चिकटपट्टीवर नंबर.
कुपी गोठू नये म्हणून हातमोज्यात धरते.
बराच वेळ ऊब असते तिला.

कुप्पाकमामा नाव चालवतो. विचारतो,
इथे पारा आला कुठून?
कारखाना नाही, रेल्वे नाही,
गावातला रस्तासुद्धा विमानाच्या धावपट्टीशी संपतो.
वाऱ्यातून, मी सांगते. मग पाण्यातून, मग शिंपल्यांतून.
"मग निदान कळवायचं तरी," मामा म्हणतो
आणि इंजिनाची दोरी ओढतो.

मादी छातीवरची पिसं उपटून
अंड्यांखाली अंथरते. अंगावरचं काढून.
उपासात साठवलेली चरबी जळत जाते,
आणि चरबीत निजलेलं
कुठल्याशा जुन्या यंत्रांचं तेल
जागं होऊन रक्तात चालू लागतं.
तेही ती अंगावरच काढते.
कण्हत नाही. मान वळवून बघते फक्त.

त्या वर्षी कॉलरा आला.
पहिली तळ्याच्या काठाला सापडली.
मग सकाळी जिला नंबर दिला,
ती दुपारी तिथेच, मान पाठीवर टाकलेली.
अंडी गरम होती.
दोनदा मोजू नये म्हणून मेलेलीवर
नारिंगी रंगाचा फवारा मारायचा असतो.
तिसऱ्या दिवशी डबा संपला.
मामाने नावेचा लाल रंग आणून दिला.
वर कुरव पक्षी, पोट भरून, तरीही ओरडत.

दुकानाच्या दारावर नोटीस लागली:
आजारी दिसणारा पक्षी खाऊ नये, पिसं हाताळू नयेत.
आजारी दिसतात कुठे?
बसलेल्या दिसतात.

घरी आईचा खोकला तिसऱ्या महिन्यात आहे.
नर्स गुरुवारी येते, विमान उतरलं तर.
"असू दे गं," आई म्हणते.
मांडीवर गेल्या साली गोळा केलेली पिसं,
त्यातलं एकेक वाळकं शेवाळ वेचून
बाजूला ठेवत
खिडकीशी बसून आहे.