एक उणा

शनिवारी संध्याकाळी मी चर्चची किल्ली घेऊन निघतो.
फेरो बेटांवर झाडं नावापुरती,
तेव्हा वाऱ्याला अडायला
मी असतो, आणि काही मेंढ्या.

उद्याच्या गीतांचे क्रमांक फळीवर लावायचे, एवढंच काम.
लाकडी आकडे, काळ्यावर पांढरे,
टुम्मास सुताराने कातलेले, माझ्या जन्माआधी.
सहा कमी पडला की नऊ उलटा करतो.
पाळकबाई म्हणतात, पश्चात्तापही असाच:
तोच आकडा, फक्त पाय वर.
त्या थट्टा करतात की उपदेश,
अकरा वर्षांत मला कळलेलं नाही.

त्याआधी चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कारकून होतो.
पेट्या मोजल्या. कॉड, हॅडक, पुन्हा कॉड.
बोटं गारठली की पेन्सिल दातांत धरायची,
मधेच कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून.
सुन्नुवा म्हणायची, झोपेतही आकडेच पुटपुटतोस,
माझं नाव कधी येत नाही.
मी म्हणालो, तू एकच आहेस, तुला काय मोजायचं?
हे उत्तर तिने दोन आठवडे शेजारणींना सांगितलं.

म्हणून असेल,
त्या पहाटेच्या गोष्टीत मला भलताच माणूस दिसतो.
रात्रभर जाळं रिकामं, मग काठावरून हाक,
मग जाळं इतकं जड की ओढवेना.
थडग्यातून उठलेला प्रभू निखारे फुंकतोय,
न्याहारीला या म्हणतोय,
आणि त्या सातांतला कुणी एक
ओल्या गुडघ्यांवर बसून मासे मोजतोय!
एकशे त्रेपन्न.
विद्वानांनी त्यात त्रिकोण शोधले, अक्षरं शोधली.
मला इतकंच दिसतं की तो मधे चुकला असणार,
एकशे बाराला की तेराला,
पुन्हा पहिल्यापासून,
आणि भाकरी निवत असताना
त्याला कुणी 'पुरे आता' म्हणालं नाही.

आमच्या धक्क्यावरून त्या फेब्रुवारीत
होडी निघाली तेव्हा सात होते.
सहा आले.

कारखान्याच्या वहीत शेवटचा रकाना 'एकूण'चा.
त्या दिवशी तो लिहिताना हात थांबला:
एकूणच्या किती जवळ बसलाय
एक उणा.
हायनी, माझ्या बहिणीचा.
एकोणीस वर्षांचा. वयातसुद्धा विसाला एक उणा.

लोक म्हणाले, सहा तरी वाचले.
हिशेब बरोबर होता.
ब्योर्ग त्या हिशेबात बसेना.
ती धक्क्यावर येऊन परतलेल्यांना नावानिशी मोजायची
आणि शेवटी एक नाव जास्त घ्यायची.

नव्याण्णव सोडून एकीमागे गेलेला मेंढपाळ
आमच्याकडे कुणाला फारसा पटत नाही.
इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि वारा त्यांच्याहून जास्त.
नव्याण्णव उघड्यावर टाकायच्या?
मीही एकदा तसं बोललो, कॉफी पिताना,
ब्योर्गच्याच स्वयंपाकघरात.
ती कप विसळत होती. वळलीसुद्धा नाही.
म्हणाली, शंभरात एक उणा आहे हे कळूनही ज्याला झोप लागते
त्याला मोजता येत नाही,
त्याला नुसते आकडे येतात.

उद्याचं पहिलं गीत दोनशे अकरा.
दोन आहे. एक आहे.
दुसरा एक कधीचा हरवलाय,
ऑर्गनमागे पडला असेल, किंवा कुणा पोराच्या खिशातून
समुद्रात गेला असेल.
इतकी वर्षं अशी गीतं आम्ही टाळत आलो.

आज खिशातली पेन्सिल खाचेत उभी केली.
जुनीच, दातांच्या खुणांची.
मागच्या बाकावर जाऊन पाहिलं:
एकच दिसते.
ब्योर्गला कळेल. ती पुढे बसते.

मग दिवे मालवण्याआधी बाकं मोजली.
गरज नव्हती.