तळमजला, फेब्रुवारी ते मे

भिंत पाडायचं ठरलं तेव्हा थंडर बेमध्ये उणे सत्तावीस होतं
आणि गिल्बेर मिस्त्री दारातच बूट झटकत म्हणाला,
"ही नुसती आडोशाची. हिच्यावर वरचं काही उभं नाही."
आईने भिंतीकडे असं पाहिलं,
जसं पन्नास वर्षांच्या शेजाऱ्याचं
खरं नाव आज कळल्यावर बघावं.

स्वयंपाकघर तळघरात उतरलं.
सौनाच्या दाराशी विजेची शेगडी,
इस्त्रीच्या टेबलावर पाव, लोणी, सुऱ्या,
आणि खरकटी भांडी आंघोळीच्या टबात.
महिनाभर आम्ही दोघी गुडघे टेकून भांडी घासत होतो.
भाऊ, तायस्तो, व्हँकूव्हरहून फोनवर सांगायचा,
ओटा मधोमध हवा, चारी बाजूंनी मोकळा.
तो स्वतः भाड्याने राहतो.

लिनोलियम उचकटलं तर खाली लिनोलियम.
त्याखाली आणखी एक, हिरवं,
त्याच्यावर मी रांगले असणार.
त्याखाली वर्तमानपत्रं, फिनिश, हात लावला की तुकडे.
एका रकान्यात गाय विकणे आहे,
शेजारच्यात कुणीतरी वारलं होतं.
मला भाषा अर्धीच येते. गाय कळली.
मेलेल्याचं नाव आईने वाचलं, चष्मा वर करून,
आणि म्हणाली, उधारी बुडवून गेला.

भिंत पडायला चाळीस मिनिटं लागली.
मी अख्ख्या दिवसाची सुट्टी काढली होती.

आत भुसा होता, एक खिळा, दोन खिळे,
आणि सुताराची पेन्सिल, बोटभर उरलेली,
तिच्यावर दातांच्या खुणा.
वडील पेन्सिल चावायचे.
धान्याच्या कोठारावरून आले की रविवारपर्यंत दम नसायचा,
आणि रविवारी घर बांधायचे.
गिल्बेरने पेन्सिल पँटला पुसली,
खिडकीत ठेवली
आणि अजून अकरा वाजायचे होते तरी जेवायला गेला.

शेगडीमागच्या गिलाव्याला वास येत होता.
गिल्बेरच्या मते उंदीर.
मी नाक जवळ नेलं. वेलदोडा.
दर शनिवारच्या गोड पावाचा,
इतक्या शनिवारांचा,
की चुन्यानेही तो धरून ठेवला होता.
(उंदीरही होता. मार्चमध्ये सापडला.)

मग रंग. पांढऱ्याला बेचाळीस नावं होती.
मी पट्ट्या पसरून बसले:
हा ओल्या मिठासारखा, हा जुन्या सायीसारखा,
हा तलावावर सकाळी असतं त्या धुक्यासारखा.
आई म्हणाली, "पांढरा कुठला ते दाखव."

सगळ्यात खाली मेपलच्या फळ्या निघाल्या.
सिंकसमोर दोन खळगे, उथळ, पावलांएवढे.
घासायचं यंत्र घेऊन आलेला पोरगा तिथे थांबला.
त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, एवढी जागा सोड.
आई जिन्यातून ओरडली, "सोडायची कशाला?
पाय माझे दुखले. जमिनीचे नाही."
यंत्र सुरू झालं.
भुशाने माझे डोळे भरले, निदान मी तसं सांगितलं.

मेमध्ये सुपीरियरवरचा बर्फ फुटला.
आता सिंकशी उभं राहिलं
की बैठकीतून, समोरच्या काचेतून, थेट पाणी दिसतं,
आणि आई म्हणते, भांडी घासताना लक्ष लागत नाही.
गॅरेजमधून सोफा परत आला, त्याच्याच खड्ड्यासकट.
ती बाजू वडिलांची. मी दुसऱ्या बाजूला बसते.

पहिल्या संध्याकाळी आई नव्या ओट्याशी, मी सोफ्यावर,
मध्ये आठ पावलं आणि नुसता उजेड.
तिने मान वर न करता हाक मारली,
"कॉफी?"
छातीतून, पूर्ण जोर लावून,
लाकूड, गिलावा, वॉलपेपरचे चार थर
आणि पलीकडचा रेडिओ ओलांडायला लागायचा तेवढ्या आवाजात.
मीही तसाच ओरडून "हो" म्हणाले.

शेवटचं बिल घेऊन आलेला गिल्बेर
दारातच थबकला.
त्याला वाटलं, आमचं भांडण चाललंय.